गाडीच्या दाराचं कुलूप गोठलं तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पारा शून्याखाली गेला की पहिल्या दोन-तीन रात्रींतच हे प्रश्न यायला लागतात, आणि विचारणारा बहुतेक वेळा गाडीशेजारीच कुडकुडत उभा असतो. तुम्हीही आत्ता तसेच उभे असाल तर आधी फक्त प्रश्न १ वाचा आणि तिथून सांगितलेल्या उत्तराकडे जा. बाकीचं घरी जाऊन वाचलं तरी चालेल. गाडीत लहान मूल अडकलं असेल तर थेट प्रश्न २०.

१. दार उघडत नाहीये. कुलूपच गोठलंय हे कशावरून ओळखायचं?

"दार गोठलं" या एकाच तक्रारीत चार निरनिराळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो. चुकीच्या जागी जोर लावल्यामुळे जेवढं नुकसान होतं तेवढं बर्फामुळे होत नाही. म्हणून अर्धा मिनिट थांबून नीट बघा.

किल्ली भोकात शिरतच नाही किंवा शिरून फिरत नाही, तर कुलूप गोठलंय. प्रश्न ३ पाहा. किल्ली फिरली किंवा रिमोट दाबल्यावर आतून "खट्" असा नेहमीचा आवाज आला, हँडलही नेहमीसारखं हाताशी आलं, पण दार जागचं हलत नाही, तर दाराभोवतीचं रबर चौकटीला चिकटलंय. प्रश्न १० पाहा. हँडलच हलत नसेल, किंवा ओढल्यावर लुळं पडून मागे परत येत नसेल, तर हँडलमध्ये किंवा त्याच्या आतल्या केबलमध्ये बर्फ आहे. त्यासाठी प्रश्न १३. आणि रिमोट दाबल्यावर आवाज नाही, दिवेही लुकलुकत नाहीत, तर बर्फाचा दोष नसून बॅटरीचा असू शकतो. प्रश्न १२ पाहा.

हे ठरवण्याआधी सगळी दारं आणि डिकी एकेकदा हळूच ओढून पाहा. वारा ज्या बाजूने पाऊस किंवा हिम आणतो ती बाजू जास्त गोठते आणि आडोशाची बाजू पुष्कळदा कोरडीच असते. एक दार उघडलं तरी आत शिरून इंजिन आणि हीटर चालू करता येतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत बाकीची दारं आतून सुटायला लागतात. मात्र इंजिन चालू करण्याआधी मागे जाऊन सायलेन्सरचं तोंड बर्फात बुजलेलं नाही ना हे पाहा. ते बुजलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. बंद गॅरेजमध्येही इंजिन चालू ठेवून बसू नका.

२. कुलूप तर बंद असतं. मग त्यात पाणी जातंच कसं?

किल्लीच्या भोकावर एक छोटी स्प्रिंगची झडप असते. धूळ आणि पाणी अडवण्यासाठीच ती असते, पण दहा-बारा वर्षांच्या गाडीत तिची स्प्रिंग ढिली पडते आणि ती अर्धवट उघडी राहते. पाऊस, गाडी धुताना मारलेला फवारा, छतावरून वितळून ओघळणारं पाणी, सगळं तिथून आत झिरपतं. आत ओळीने बसवलेल्या पातळ धातूच्या पट्ट्या असतात आणि प्रत्येकीला केसासारखी बारीक स्प्रिंग असते. योग्य किल्ली शिरली की त्या सगळ्या एका पातळीत येतात आणि कुलूप फिरतं. त्यांच्यामधली जागा इतकी कमी असते की पाण्याचा एक थेंबही पुरतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे पट्ट्या जागच्या जागी आवळल्या जातात.

पाणी शिरण्याची दुसरी वाट लोकांच्या लक्षात येत नाही. हीटर लावून तासभर गाडी चालवली, बूटांना लागलेलं हिम आत वितळलं, चार माणसांचा श्वास आत कोंडला, की गाडीतली हवा ओलसर होते. गाडी उभी केल्यावर तीच वाफ दाराच्या थंडगार धातूवर जमते आणि रात्री गोठते.

म्हणूनच आठवडाभर कोरडी कडाक्याची थंडी पडते तेव्हा कुलपं फारशी गोठत नाहीत. दुपारी बर्फ वितळून संध्याकाळी पारा पुन्हा शून्याखाली उतरतो त्या दिवशी मात्र ती हमखास गोठतात.

३. किल्ली आत जाते पण फिरत नाही. सगळ्यात आधी काय करू?

जोर लावू नका. किल्लीचा धातू तसा मऊ असतो आणि वर्षानुवर्षं वापरून ती मानेपाशी झिजलेली असते. माझ्या हातून एकदा अशीच घाईत किल्ली मोडली. पाच मिनिटांचं काम होतं ते अख्ख्या दिवसाचं झालं.

हातात डी-आयसर (बर्फ विरघळवणारा फवारा, प्रश्न ६) असेल तर झडप किल्लीच्या टोकाने किंचित आत ढकला, नळी भोकाशी धरून दोन-तीन सेकंद फवारा आणि मिनिटभर थांबा. मग किल्ली पूर्ण आत घालून दोन्ही बाजूंना अगदी हलक्या हाताने, एखाद-दोन मिलिमीटर, हलवत राहा. नाहीच फिरली तर बाहेर काढा, पुसा, पुन्हा फवारा. दोन-तीन फेऱ्या लागतात, त्यामुळे पहिल्याच प्रयत्नात निराश होऊ नका.

डी-आयसर नसेल तर सॅनिटायझर (प्रश्न ७) किंवा तापवलेली किल्ली (प्रश्न ४). दोन्ही एकत्र कधीही नाही. कारण प्रश्न ४ मध्येच दिलंय.

किल्ली शिरतच नसेल तर झडपेवरच बर्फाचा पापुद्रा बसलेला असतो. उघड्या हाताचा अंगठा भोकावर दाबून अर्धा-एक मिनिट धरा. पापुद्रा पातळ असेल तर एवढ्याने भागतं. पण फार कडक थंडीत ओलं बोट धातूला चिकटतं, म्हणून बोट कोरडं हवं.

४. लायटरने किल्ली तापवून घातली तर चालते का?

चालते, पण तुमची किल्ली कुठल्या प्रकारची आहे ते आधी बघा. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून बऱ्याच गाड्यांच्या किल्लीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात इमोबिलायझरची छोटी चिप असते. ती चिप गाडीने ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. युरोपियन संघात तर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा आहे. प्लॅस्टिक वितळलं किंवा चिप भाजली तर दार उघडेल, पण गाडी सुरू होणार नाही.

चिपवाली किल्ली ज्योतीवर धरूच नका. गरम पाण्याच्या पिशवीला टेकवून ठेवणं, नाहीतर सरळ मुठीत किंवा काखेत दोन मिनिटं धरणं एवढं पुरे. चिप नसलेली साधी धातूची किल्ली असेल तर हातमोजा किंवा पक्कड वापरून फक्त तिचं पातं सात-आठ सेकंद तापवा. लाल होईपर्यंत मुळीच नको.

एकदा तापवून घातल्यावर कुलूप सुटलं नाही तर उपाय फसला असं समजू नका. एक ग्रॅम बर्फ वितळवायला ३३४ ज्यूल उष्णता लागते. तेवढ्या उष्णतेत तेच एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. त्यात किल्लीची बरीचशी ऊब कुलपाचा थंड धातूच खाऊन टाकतो. म्हणून तापवा, घाला, वीस सेकंद थांबा, काढा, पुन्हा तापवा. चार-पाच वेळा करावं लागतं.

आणि हे नीट लक्षात ठेवा : डी-आयसर किंवा सॅनिटायझर आधी वापरलं असेल तर त्या कुलपाजवळ लायटर, काडी, टॉर्च-बर्नर काहीही आणायचं नाही. दोन्हींत अल्कोहोल असतं आणि ते पेट घेतं. थंडीने बधिर झालेल्या, हातमोजे घातलेल्या हाताशी पेटलेलं अल्कोहोल ही फार वाईट गोष्ट आहे.

५. गरम पाणी ओतलं तर?

नका ओतू. क्षणभर बर्फ सुटतो हे खरं, पण ते सगळं पाणी कुलपात, रबरात, दाराच्या फटीत उतरतं आणि थोड्या वेळात आधीपेक्षा घट्ट गोठतं. शिवाय उकळतं पाणी थंड काचेवर पडलं तर काच तडकू शकते, आणि समोरच्या काचेला आधीच बारीक टवका गेला असेल तर हा धोका आणखी वाढतो.

गरम पाण्याचाच उपयोग करायचा असेल तर ते रबरी पिशवीत किंवा घट्ट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा आणि ती पिशवी कुलपावर दोन-तीन मिनिटं दाबून धरा. ऊब मिळते आणि पाणी बाहेरच राहतं.

६. डी-आयसरमध्ये नेमकं काय असतं? घरी करता येतो का?

मुख्यतः अल्कोहोल. काहींत जोडीला ग्लायकॉल आणि थोडं वंगण असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल उणे ८९ अंशांना गोठतं, इथेनॉल उणे ११४ ला. बर्फाशी त्यांची गाठ पडली की दोन्हींचं मिश्रण शून्याच्या बरंच खालीही द्रवच राहतं आणि वाहून जातं. बर्फ विरघळवण्याचं काम ते उष्णतेशिवाय करतं, म्हणून कुलपासाठी मला हाच उपाय सगळ्यांत जास्त पटतो.

घरी करायचा तर औषधाच्या दुकानातलं जास्त टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल पाणी न मिसळता छोट्या ड्रॉपरच्या बाटलीत भरून ठेवा. पाच-सहा थेंब पुरतात. रंगावर ओघळलं तर लगेच पुसा. काचा धुण्याचं हिवाळी द्रव अडचणीला चालतं. पण त्यात पुष्कळदा मिथेनॉल असतं आणि ते विषारी आहे, तेव्हा त्याची वाफ हुंगू नका आणि हात धुवा. इंजिनचं कूलंट मात्र कुलपात घालू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असतं. जमिनीवर ठिबकलेले थेंब कुत्र्या-मांजरांनी चाटले तर ती मरतात.

आणखी एक गोष्ट, जी वाचताना साधी वाटते पण दर हिवाळ्यात कितीतरी जणांच्या बाबतीत घडते : डी-आयसरची बाटली गाडीत ठेवू नका. ती कोटाच्या खिशात, पिशवीत किंवा घराच्या दाराशी हवी.

७. हाताला लावायचं सॅनिटायझर चालतं का?

अडचणीच्या वेळी चालतं. त्यात साधारण ६० ते ७० टक्के अल्कोहोल असतं. किल्लीच्या पात्याला दोन्ही बाजूंनी चोपडा, आत घाला, अर्धा मिनिट थांबा, मग हलकेच फिरवा. जेल घट्ट असल्यामुळे ते फवाऱ्यासारखं खोल पोचत नाही, म्हणून दोन-तीनदा करावं लागेल.

पण जेलला घट्टपणा देणारे पदार्थ कुलपात तसेच उरतात आणि त्यावर धूळ बसते. त्या दिवशी काम झालं तरी पुढे एखाद्या कोरड्या दिवशी कुलूप अल्कोहोलने धुऊन त्यात कोरडं वंगण घाला. ते कसं, हे प्रश्न ८ मध्ये.

८. डब्ल्यूडी-४० मारू का? की तेल? की ग्रॅफाइट?

या एका प्रश्नावर जितके मतभेद ऐकायला मिळतात तितके बाकी सगळ्यांवर मिळून नसतील. माझं मत सांगतो.

डब्ल्यूडी-४० (डब्यातून फवारायचं तेलकट द्रव) १९५३ मध्ये तयार झालं ते पाणी हटवण्यासाठी. नावातले "डब्ल्यूडी" "वॉटर डिस्प्लेसमेंट" साठी आहेत आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयत्न. पाणी हुसकावून लावायला ते चांगलंच आहे. हिवाळा सुरू होण्याआधी एकदा मारलं तर ओल निघून जाते. पण आधीच घट्ट गोठलेला बर्फ ते अल्कोहोलसारखं झपाट्याने विरघळवत नाही, आणि टिकाऊ वंगण म्हणून त्याच्यावर विसंबू नये. तेलकट थर मागे राहतो, त्यात धूळ अडकते.

शिवणयंत्राचं तेल, इंजिन ऑइल, स्वयंपाकाचं तेल हे काहीच कुलपात नको. थंडीत ते दाट होतं आणि बारीक स्प्रिंगा आळसावतात.

कुलपाला कायमचं वंगण कोरडंच हवं : ग्रॅफाइटची पूड किंवा पीटीएफई, म्हणजे टेफ्लॉनचा स्प्रे. ग्रॅफाइट घालायचं तर कुलूप पूर्ण कोरडं असताना आणि चिमूटभरच. तेलावर ग्रॅफाइट पडलं की काळा चिखल होतो आणि तो काढायला कुलूप खोलावं लागतं. म्हणून ग्रॅफाइट आणि टेफ्लॉन यांतलं एकच निवडा. पूड मिळाली नाही तर मऊ शिसपेन्सिल किल्लीच्या पात्यावर घासून ती किल्ली आत-बाहेर करा. पेन्सिलीतही ग्रॅफाइटच असतं, पण मातीही असते, तेव्हा हे कधीमधीच. गाडीच्या पुस्तिकेत कुलपाच्या वंगणाबद्दल काही सांगितलं असेल तर माझ्यापेक्षा पुस्तिकेचं ऐका.

९. भोकात फुंकर मारली तर बर्फ सुटतो का? हेअर ड्रायर?

फुंकरीने कधीकधी सुटतो, पण श्वासातली वाफही आत जाते आणि ती नंतर गोठते. दुसरं काहीच जवळ नसेल तरच फुंका, तेही स्ट्रॉने. ओठ धातूला लावू नका, कातडी चिकटून सोलली जाते.

हेअर ड्रायर छान काम करतो. मध्यम आचेवर, वीतभर अंतरावरून, तीन-चार मिनिटं. एका जागी धरून न ठेवता फिरवत राहा, म्हणजे रंग आणि प्लॅस्टिक भाजणार नाही. वायर मात्र ओल्या बर्फातून ओढत नेऊ नका. आणि दार उघडल्याबरोबर बंद करू नका, आणखी दोन मिनिटं हवा मारून वितळलेलं पाणी सुकवा. हीट गन याच कामाला वापरणारे लोक आहेत, पण तिची हवा काहीशे अंशांपर्यंत तापते आणि रंगाला फोड येतात.

१०. कुलूप उघडलंय, पण दार ओढून निघत नाही. चिकटलंय.

तर मग कुलपाला हात लावू नका, त्याचं काम झालेलं आहे. दाराच्या कडेने फिरणारं रबर चौकटीला गोठून बसलंय.

अशा वेळी ओढण्याआधी दाबायचं असतं. हँडल सोडा. दाराच्या कडेवर, काचेवर नव्हे, तळहात किंवा खांदा टेकवून अंगाचा भार टाका आणि सोडा. वरच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत सात-आठ ठिकाणी हे करा. रबर दबलं की त्यावरचा बर्फाचा पापुद्रा तडकतो. कर्र असा बारीक आवाज येतो. मग हँडलने हळूच ओढून बघा. न आल्यास फटीच्या कडेने डी-आयसर फवारा, दोन मिनिटांनी पुन्हा दाबा.

हँडलला लोंबकळणं, पाय लावून ओढणं, फटीत स्क्रू ड्रायव्हर घालणं, यांतलं काही करू नका. रबराचा तुकडा निघून चौकटीलाच चिकटून राहतो, आणि मग उन्हाळा-पावसाळाभर तिथून पाणी आत येतं. बर्फ खरवडायचाच असेल तर प्लॅस्टिकची खरवडणी वापरा.

११. रबर पुन्हा चिकटू नये म्हणून काय लावायचं?

सिलिकॉन. स्प्रे, ग्रीस किंवा स्पंजच्या टोकाची कांडी, कुठल्याही रूपात. आधी रबर ओल्या फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग पातळ थर द्या. फवारायचं ते फडक्यावर, म्हणजे सीटवर आणि काचेवर उडत नाही. चौकटीचा जो धातू रबराला टेकतो तोही पुसून घ्या. हिवाळ्याच्या तोंडावर एकदा आणि मग महिन्या-दीड महिन्याने पुन्हा. ग्लिसरीनही चालतं, ते लवकर धुऊन जातं एवढंच.

पेट्रोलियम जेली लावू का, असं बरेच जण विचारतात. मी नाही म्हणतो. दारांचं रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं. ते ऊन-पावसाला दाद देत नाही, पण खनिज तेलाने फुगतं आणि हळूहळू मऊ पडतं.

१२. रिमोट दाबूनही काही होत नाही. गाडीला किल्लीचं भोकही दिसत नाही.

आधी रिमोटची बॅटरी. त्यात बहुधा नाण्याएवढी ३ व्होल्टची लिथियम बॅटरी असते आणि थंडीत तिचा जोर उतरतो. रिमोट आतल्या खिशात पाच मिनिटं ऊब देऊन ठेवा आणि गाडीच्या अगदी जवळ जाऊन दाबा. यानेच चालला तर बॅटरी बदलायची वेळ आलीय.

तरीही शांतताच असेल तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असणार. उणे १८ अंशांच्या आसपास लेड-ॲसिड बॅटरीची ताकद जवळपास निम्मी होते. अशा वेळी धातूची किल्लीच कामाला येते. बिनकिल्लीच्या गाड्यांतही ती असते, रिमोटच्या पोटात लपवलेली. बाजूची कळ दाबून ओढली की निघते. भोक चालकाच्या दाराच्या हँडलपाशी एका छोट्या झाकणाखाली असतं आणि त्या झाकणाला खालून एक खाच असते. हे कुलूप वर्षानुवर्षं वापरलेलंच नसतं, त्यामुळे ते गंजलेलं आणि गोठलेलं असण्याची शक्यता जास्त. हिवाळ्याआधी एकदा ती किल्ली काढून फिरवून बघा. हवा चांगली असताना हे करायला दोन मिनिटं लागतात.

आत शिरल्यावर जंप स्टार्टची (दुसऱ्या बॅटरीला जोडून गाडी सुरू करण्याची) घाई करू नका. पूर्ण चार्ज बॅटरी उणे ५० अंशांतही गोठत नाही, पण उतरलेली बॅटरी उणे १० च्या आसपास गोठू शकते. तिची पेटी फुगलेली किंवा तडकलेली दिसली तर जंप देऊ नका, चार्जरही लावू नका. ती फुटण्याचा धोका असतो.

रिमोटने खटका अर्धवट उडतो आणि परत बंद होतो, असं होत असेल तर सेंट्रल लॉकिंगची मोटर बर्फाशी झगडतेय. सारखं बटण दाबत राहिलात तर मोटर जळेल किंवा तिचे प्लॅस्टिकचे दाते तुटतील. तिथे थांबा आणि प्रश्न ३ किंवा ९ चा उपाय करा.

१३. हँडलच हलत नाही.

बाहेर आलेलं हँडल असेल तर त्याच्या मागच्या खोबणीत पाणी साचून गोठतं. तिथे डी-आयसर फवारा आणि हँडल आत-बाहेर थोडंथोडं हलवा. प्लॅस्टिकचं हँडल थंडीत ठिसूळ होतं, झटका देऊ नका.

दाराच्या पत्र्याशी सपाट बसणारं हँडल असेल तर सभोवतालच्या बारीक फटीत बर्फाची कड तयार होते. मूठ बंद करून तिच्या मऊ बाजूने हँडलवर आणि आजूबाजूला थापा मारा, कड तडकते. ॲपवरून गाडी आधीच तापवून ठेवायची सोय असेल तर निघण्याच्या अर्धा तास आधी ती चालू करणं सगळ्यात सोपं.

१४. माझ्या गाडीच्या दाराला काचेची चौकट नाही. काही वेगळं आहे का?

आहे. अशा दारांत हँडल ओढताच काच काही मिलिमीटर खाली उतरते आणि मग दार सुटतं. काच रबरात गोठली असेल तर ती उतरत नाही. दार तरीही ओढलंत तर काच वरच्या रबरात अडकून फुटू शकते किंवा रबर ओरबाडलं जातं. आधी काचेची वरची कड मोकळी करा, डी-आयसर किंवा कोमट हवेने. काच उतरल्याचं डोळ्यांनी दिसल्यावरच दार उघडा. बंद करतानाही काच खाली आहे ना, ते बघा.

१५. दार उघडलं, पण आता बंदच होत नाही! आपटलं की परत उघडतं.

लॅच गोठलाय. दाराच्या कडेला तो आकड्यासारखा भाग दिसतो ना, तो चौकटीवरच्या कडीला पकडतो. आत ओल गोठली की तो फिरत नाही किंवा अर्धवट बंद स्थितीतच अडकतो. अशा वेळी दार जोराने आपटलं तर आकडा वाकतो.

लॅचमध्ये डी-आयसर भरपूर फवारा, दोन मिनिटं थांबा. मग बाहेरचं हँडल ओढून धरा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याने आकडा हळूच उघड्या बाजूला ढकला. मोकळा झाला की दार न लावताच दोन-तीनदा दांड्याने बंद करून हँडलने उघडून बघा. नीट चालला की मगच दार लावा.

दोरीने दार बांधून किंवा हाताने धरून गाडी चालवू नका. लॅच पकडल्यासारखा वाटला तरी दार आतून ढकलून खात्री करा. हा धोका कल्पनेतला नाही : ऑक्टोबर २०१७ मध्ये फोर्ड कंपनीने उत्तर अमेरिकेतल्या सुमारे १३ लाख पिकअप गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. लॅच गोठल्यामुळे किंवा त्याची केबल वाकल्यामुळे दार बंद झाल्यासारखं दिसायचं, पण चालत्या गाडीत उघडण्याची शक्यता होती. तुमच्याही गाडीत हे पुन्हापुन्हा घडत असेल तर गाडीचा क्रमांक देऊन कंपनीकडे अशी काही दुरुस्ती बाकी आहे का ते विचारा.

१६. किल्ली आत मोडली. आता?

उरलेला तुकडा आत ढकलू नका, आणि गोंद लावून काढायचा प्रयत्न तर अजिबात नको. आधी बर्फ वितळवा, नाहीतर पट्ट्या तुकड्याला आवळूनच ठेवतील. किल्ली मोडली तेव्हा भोक तिरकं झालं असेल तर ते बारीक स्क्रू ड्रायव्हरने सरळ रेषेत आणा, त्याशिवाय तुकडा बाहेर येत नाही. टोक बाहेर दिसत असेल तर बारीक चिमट्याने सरळ ओढा. दिसत नसेल तर किल्लीवाल्याला बोलवा. मोडलेले दोन्ही तुकडे जपून ठेवा, त्यावरून नवी किल्ली कापता येते. चिप डोक्याच्या तुकड्यातच असते.

१७. हिवाळ्यात गाडी धुवायचीच नाही का?

धुवायची. रस्त्यावरचं मीठ पत्र्याला खातं. पण शक्यतो पारा शून्याच्या वर असेल त्या दिवशी सकाळी धुवा, म्हणजे वाळायला दिवस मिळतो. फवाऱ्याची धार कुलपावर सरळ मारू नका, भोकावर चिकटपट्टी लावून ठेवलीत तर उत्तम. नंतर सगळी दारं आणि डिकी उघडून रबर आणि चौकट कोरड्या फडक्याने पुसा. कुलपात किल्ली दोन-तीनदा घालून दर वेळी पुसून घ्या. घरी येऊन दारं चार-पाच वेळा उघडझाप करा.

१८. रात्री गाडी लॉकच केली नाही तर गोठणार नाही ना?

कुलूप तरीही गोठेल, फक्त ते उघड्या स्थितीत गोठेल. रबर आणि लॅच तर दोन्ही स्थितींत सारखेच गोठतात. गाडी बंद आवारात असेल तर ही युक्ती थोडीफार उपयोगी आहे, रस्त्यावर चोरीला आमंत्रण. त्यापेक्षा भोकावर छोटं चपटं चुंबक किंवा चिकटपट्टी लावा, आणि गाडी उतरून बंद करण्याआधी मिनिटभर दारं उघडी ठेवून आतली ओलसर हवा जाऊ द्या. सकाळचं ऊन चालकाच्या दारावर पडेल अशी गाडी उभी करता आली तर तेही करा.

१९. डिकी, पेट्रोलचं झाकण किंवा चार्जिंगचं दार गोठलं तर?

डिकीला प्रश्न १० चाच उपाय. इंधनाच्या झाकणाभोवती बोटांच्या पेरांनी टकटक करून बर्फाची कड तोडा. तिथे ज्योत कशासाठीही नको. चार्जिंगचा प्लग गोठून अडकला असेल तर ओढू नका : गाडी आतून तापवायला लावा, बऱ्याच गाड्यांत त्यासोबत चार्जिंगची जागाही गरम होते. चार्जिंगच्या भोकात द्रव फवारू नका.

२०. दार गोठलंय आणि मूल आत आहे.

मग वरचं काहीही करत बसू नका. आपत्कालीन सेवेला फोन लावा. तोवर बाकीची दारं बघा. मूल बोलणं समजण्याएवढं मोठं असेल तर त्याला आतून हँडल ओढायला सांगा आणि त्याच वेळी तुम्ही बाहेरून दार दाबून सोडा. मागच्या दारांना चाइल्ड लॉक असेल तर ती आतून उघडणार नाहीत, मुलाला पुढच्या सीटवर यायला सांगा. मूल सुस्त वाटलं किंवा मदत यायला वेळ असेल तर त्याच्यापासून सगळ्यात दूरची बाजूची काच कोपऱ्यात टोकदार कठीण वस्तूने फोडा. समोरची काच फोडू नका, ती दोन थरांची असते आणि फुटून मोकळी होत नाही.

२१. सगळं करून झालं, तरी एकच दार दर वेळी गोठतं. का?

एकच दार असेल तर पाणी त्याच दारात साचतंय. दाराच्या तळाच्या कडेला पाणी वाहून जाण्यासाठी छोटी भोकं असतात. काचेच्या कडेने आत उतरणारं पावसाचं पाणी तिथून बाहेर पडायचं असतं. पानं, माती आणि जुनं वंगण साचून ती बुजतात, पाणी दाराच्या पोटात साठतं आणि त्याची ओल लॅच, केबल, कुलूप सगळीकडे चढते. दार हलवल्यावर आत पाणी डचमळल्याचा आवाज येतो का, ऐका. भोकं प्लॅस्टिकच्या बारीक काडीने मोकळी करा. तार वापरली तर आतला रंग खरवडतो आणि गंज धरतो.

भोकं मोकळी असूनही थांबलं नाही तर रबराची कड बोटाने तपासा. एखाद्या कोपऱ्यात ते फाटलेलं किंवा चपटं झालेलं सापडेल. त्याच दाराला कधी ठोकर बसून दुरुस्ती झालेली असेल तर बिजागरी किंचित सरकलेली असू शकते, आणि मग नवं रबरही नीट दबत नाही. दाराच्या कडेभोवती जागोजागी कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढून बघा. जिथे ती सहज निसटते, तिथूनच पाणी आत जातंय.